पेट्रोल की डिझेल? आधी किलोमीटर मोजा!

रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतला एक तरुण जवळ आला. "जय भीम काका, तुमच्याशी थोडं बोलायचं होतं," असे म्हणत त्याने मोबाईलवर एका लाल गाडीचा फोटो दाखवला. जुनी पोलो जीटी. मुलगा ठाण्याला एका कंपनीत नोकरीला आहे आणि रोज कल्याणहून लोकलने जातो-येतो. वडील रेल्वेच्या कारखान्यातून त्याच वर्षी निवृत्त होणार होते. घरात वाद सुरू होता. वडील म्हणत, "घ्यायचीच तर डिझेल घे, खर्च कमी." मुलगा म्हणे, "बाबा, पेट्रोलची मजा वेगळीच!" आणि पैसे कोठून येणार होते? वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून. म्हणजे पेट्रोल की डिझेल हा प्रश्न नुसता गाडीचा राहिला नव्हता. तीस-बत्तीस वर्षांच्या घामाच्या पैशाचा तो प्रश्न होता.

वाचकहो, आज हा प्रश्न अनेक घरांत आहे. आपली मुले शिकली, नोकरीला लागली. ज्यांचे आजोबा सायकललाही महाग होते, त्यांची नातवंडे चारचाकीची स्वप्ने पाहतात. यात गैर काहीच नाही, उलट अभिमानच आहे. परंतु नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घ्यायची, आणि जुन्यातही साधी नको, जोरकस हवी, असा तरुणांचा हट्ट असतो. अशा गाडीला ही मुले 'हॉट हॅच' म्हणतात. म्हणजे दिसायला लहान, मागे उघडणारे दार असलेली, पण मोठ्या गाडीला मागे टाकील अशी. अशी गाडी घेताना पेट्रोल आणि डिझेल यांतून निवड कशी करावी, ते आपल्या समाजबांधवांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.

दोघींचा स्वभाव

ही गाडी आपल्या महाराष्ट्रातलीच. पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि २०१० पासून पोलो रस्त्यावर आली. २०१३ मध्ये तिचे दोन जोरकस प्रकार निघाले. पहिला जीटी टीएसआय, पेट्रोलचा: १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी हा आपोआप गिअर बदलणारा डबा. दुसरा जीटी टीडीआय, डिझेलचा: आधी १.६ आणि २०१४ पासून १.५ लिटरचे इंजिन. ताकद तेवढीच, १०५ पीएस, पण टॉर्क २५० न्यूटन-मीटर आणि गिअर हाताने टाकायचे. हिच्या आधी, २००७ मध्ये, मारुतीने स्विफ्ट डिझेलमध्ये आणली होती. तिचे १.३ लिटरचे इंजिन मूळ फियाटचे. तेच इंजिन पुढे पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत आले. म्हणून त्याचे सुटे भाग आणि ते जाणणारे मिस्त्री आजही गल्लोगल्ली सापडतात.

दोन्हींची ताकद सारखी, मग फरक कशात? टॉर्क म्हणजे ओढ. पाच माणसे, मागे बिछान्याच्या वळकट्या आणि समोर कसारा घाट. अशा वेळी डिझेल गाडी गिअर फारसा न बदलता चढते. पेट्रोल गाडी हलकी, आवाज कमी, इंजिन झरझर फिरते. चालवणाऱ्याला तिचा आनंद अधिक. डिझेलचा टर्बो मात्र इंजिनाने थोडा वेग घेतल्यावरच जागा होतो. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत तो वेग मिळतोच कुठे? पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर! तासाभरात डावा पाय भरून येतो. डीएसजीच्या गाडीत पायाला आराम, पण अशाच रखडत चालण्याने तिचे कोरडे क्लच तापतात आणि लवकर झिजतात.

आईचे कॅलेंडर

आता मूळ मुद्दा. घरोघरी एकच समजूत: डिझेल म्हणजे स्वस्त. ही समजूत एकेकाळी खरी होती. सरकार डिझेलचा दर धरून ठेवत असे. २०१० मध्ये पेट्रोलचा दर बाजारावर सोडला गेला, डिझेलचा नाही. त्यामुळे दोन दरांत मोठी दरी पडली आणि डिझेल गाडीसाठी लोक महिनोन्‌महिने नंबर लावून बसले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही बाजारभावावर गेले आणि दरी आटली. दिवस पालटले, समजूत मात्र तशीच राहिली.

त्या घरी हा वाद संपेना तेव्हा मुलाची आई म्हणाली, "अरे, गाडी महिन्याला चालणार किती, ते तर सांगा!" बापलेक गप्प. मग त्या माउलीने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर फेब्रुवारी आणि मार्च असे दोन महिने नोंद ठेवली. घरात गाडी असती तर ती कुठे कुठे गेली असती? नाशिकचे लग्न, जाऊन-येऊन २७० किलोमीटर. २० मार्चला महाडचे चवदार तळे, ३००. अंबरनाथची मोठी मुलगी, मुंब्र्याची मावशी, डॉक्टर, बाजार, सगळे मिळून १९०. मुलाची नोकरी लोकलनेच, ती यात धरायची नाही. कारण कल्याण-ठाणे गाडीने रोज केले तर पगार इंधनात जाईल आणि आयुष्य कोंडीत! दोन महिन्यांची बेरीज ७६०. म्हणजे महिन्याला ३८० किलोमीटर.

आता गणित करू. समजण्यासाठी पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरू. तुम्ही त्या दिवशीचा पंपावरचा दर घाला. शहर आणि गावाकडचा रस्ता मिळून जोरकस पेट्रोल गाडी लिटरला १३ किलोमीटर देते आणि डिझेल १८, असे धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये, डिझेलचा ५. म्हणजे डिझेलमध्ये किलोमीटरमागे ३ रुपये वाचतात. इथपर्यंत वडिलांचे म्हणणे बरोबर.

पण दुसरी बाजूही लिहा. समजा, तशाच वयाची डिझेल गाडी ६० हजारांनी महाग मिळते. तिच्या सर्व्हिसिंगला वर्षाला ६ हजार जास्त, पाच वर्षांचे ३० हजार. एकूण जादा बोजा ९० हजार. तो ३ रुपयांनी फेडायला गाडी ३० हजार किलोमीटर चालली पाहिजे. पाच वर्षांत ३० हजार म्हणजे महिन्याला ५००. त्या घराचे ३८० प्रमाणे पाच वर्षांत २२,८०० किलोमीटर होतात आणि बचत ६८,४०० रुपये. म्हणजे 'स्वस्त' डिझेल त्यांना २१,६०० रुपयांनी महाग पडले असते! उलट ज्याला कामानिमित्त महिन्याला १,५०० किलोमीटर जावे लागते, त्याचे पाच वर्षांत ९० हजार किलोमीटर होतील, २ लाख ७० हजार वाचतील आणि बोजा वजा जाता १ लाख ८० हजार हातात राहतील. त्याने डिझेलच घ्यावी.

गाडी बदलली की उत्तरही बदलते. साधी स्विफ्ट पेट्रोलवर १६ आणि डिझेलवर २० देते असे धरले, तर खर्च साडेसहा आणि साडेचार. किलोमीटरमागे वाचतात फक्त २ रुपये. तोच ९० हजारांचा बोजा फेडायला मग महिन्याला ७५० किलोमीटर लागतात. म्हणून शेजाऱ्याने काय घेतले ते विचारू नका. आपले कॅलेंडर उघडा.

न दिसणारा खर्च

डिझेल गाडी उभी राहिली की बिघडते, हे कोणताही मिस्त्री सांगेल. रोज दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, काजळी साचते आणि धूर परत फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह तुंबतो. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी डीपीएफ ही जाळी असते. तिला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर लांब पळवावे लागते, नाहीतर ती चोंदते. डिझेलचे इंजेक्टर, टर्बो, हायप्रेशर पंप या वस्तू नाजूक आणि महाग. टीडीआय इंजिनाचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नसेल आणि तुटला, तर इंजिनच उघडावे लागते. बदलल्याची पावती पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

पेट्रोलही निर्दोष नाही. जुन्या जीटी टीएसआयच्या डीएसजी डब्यातील मेकॅट्रॉनिक हा भाग गेला, तर दुरुस्तीचा आकडा ऐकून झोप उडते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हिसके देत असेल तर तिथूनच जय भीम करून निघावे. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत. सरकारच्याच २०२१ च्या आराखड्यात अशा जुन्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. म्हणून वरच्या गणितात पेट्रोलचे मायलेज हात राखूनच धरा आणि रबरी नळ्या तपासून घ्या. "पेट्रोल घेऊन सीएनजी किट बसवू" असेही काहीजण म्हणतात. साध्या इंजिनाला ते चालते. टर्बो टीएसआयच्या वाटेला मात्र त्यासाठी जाऊ नये.

डिझेलचा धूर आणि कंपनीची लबाडी

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले की फोक्सवॅगनने आपल्या डिझेल गाड्यांत एक लबाड सॉफ्टवेअर बसवले होते. तपासणी चालू असली की गाडी कमी धूर ओके, रस्त्यावर आली की जास्त. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३,२३,७०० डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २००८ ते नोव्हेंबर २०१५ दरम्यानच्या त्या इंजिनांत १.२, १.५, १.६ आणि २ लिटरची इंजिने होती. म्हणजे त्या काळातली जुनी पोलो टीडीआय घेणार असाल, तर ते सॉफ्टवेअर बदलले गेले का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर देऊन विचारा.

हा केवळ कागदाचा प्रश्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. आपल्या चाळींत गाडी उभी राहते ती खिडकीखाली. सकाळी ती सुरू करून ठेवली की धूर जातो पहिल्या घरात, पाळण्यातल्या लेकरापर्यंत. दुसऱ्या जीवाला इजा करणार नाही, हे शील आपण दर रविवारी घेतो. ते गाडीच्या धुराला लागू नाही काय?

कायद्याचे वारेही डिझेलच्या विरुद्ध आहे. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती. २०२५ मध्ये ती सैल झाली. आपल्याकडे तशी बंदी नाही. पंधरा वर्षांनी तपासणी आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पुढे वाढवता येते. परंतु जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेविषयीच्या सुनावणीत पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवण्याचा विचार करण्यास सांगितले आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. कल्याण-डोंबिवली मुंबई महानगर प्रदेशातच येते. २०१३ ची डिझेल गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होईल. तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळेल का, याचा विचार आजच करावा. आणि 'डीएल' नंबरची स्वस्त डिझेल गाडी कोणी दाखवली तर लक्षात ठेवा: तिची एनओसी आणावी लागेल, महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागेल, आणि मग ती स्वस्त राहणार नाही.

चाळीसगावचा टांगा

वेगाचे वेड असलेल्या तरुणांना एक घटना आठवण करून द्यावीशी वाटते. १९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीच्या कामानिमित्त फिरत असताना चाळीसगावला उतरले. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. आपल्या नेत्याने पायी जाणे वस्तीतल्या बांधवांच्या अभिमानाला पटेना. म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच एकजण पुढे बसला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि घोडा टांग्यासकट खाली नदीत पडला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मान राखताना माणसाच्या जिवाची काळजी मागे पडली, हे त्यांनी त्यात स्पष्ट दाखवले आहे.

आज आपल्याला कोणाच्या टांग्याची वाट पाहावी लागत नाही. स्टिअरिंग आपल्या मुलाच्या हातात आहे. पण अंगणात गाडी उभी राहावी, चारचौघांत मान मिळावी, या ओढीत आपण तीच चूक पुन्हा करत नाही ना? २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार. त्याच वर्षी एअरबॅग नसलेली स्विफ्टही शून्यावर राहिली. म्हणून पेट्रोल असो वा डिझेल, एअरबॅग आणि एबीएस नसलेली जोरकस गाडी मुलाच्या हाती देऊ नका. नागपूरला दीक्षाभूमीकडे नेणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत, म्हणजे आपल्या दारापर्यंत आला आहे. तिथे १२० ची मर्यादा असली तरी जुने टायर आणि उन्हात तापलेले काँक्रीट यांना मर्यादा ठाऊक नसते. टायरवरची तारीख वाचा. पाच-सहा वर्षे उलटली असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, टायर बदला.

ऐकीव नको, तपासा

तथागतांनी कालामांना काय सांगितले? केवळ ऐकले म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. तपासा, अनुभवा, मग स्वीकारा. जुनी गाडी घेताना याहून मोठा उपदेश नाही. मुहूर्त पाहू नका, लिंबू-मिरची टांगू नका. त्याऐवजी पुढील गोष्टी करा.

१. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल तर संशय घ्या. डिझेलमधून काळा किंवा निळा धूर येत राहिला तर थांबा.

२. किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. सर्व्हिस सेंटरचा जुना तपशील मागा.

३. आपल्या खात्रीच्या मिस्त्रीला पाचशे-हजार देऊन सोबत न्या. दलालाचा मिस्त्री नको.

४. आरसी पुस्तक, थकलेले ई-चलन, विमा आणि पीयूसी पाहा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या.

५. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर करा. कल्याणची नोंदणी एमएच-०५. विमा १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्या. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचे नाव तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये.

६. जुन्या गाडीच्या कर्जाचे व्याज नव्यापेक्षा जास्त असते. हप्ता पगारातून झेपत नसेल तर गाडी थांबू शकते. बहिणीची फी थांबू शकत नाही.

शेवटी काय झाले?

त्या तरुणाला दाखवलेली लाल गाडी डिझेलची निघाली. मीटरवर ४८ हजार किलोमीटर. आईच्या आग्रहाने सर्व्हिसचा तपशील काढला, तर दोन वर्षांपूर्वीच ती १ लाख १० हजार चाललेली! दलाल म्हणाला, "मीटर बदललं असेल." वडील काही बोलले नाहीत. मुलाचा हात धरून बाहेर आले. नंतर पाहिलेली पेट्रोल डीएसजी हिसके देत होती, तीही सोडली. तीन महिन्यांनी एका घरची, एकाच हातात वापरलेली १ लिटर टीएसआय पोलो मिळाली. २०२० पासूनचा हा प्रकार, ११० पीएस, हाताने टाकायचे गिअर, पेट्रोल. किंमत ठरवलेल्यापेक्षा जास्त होती. पण मुलगा म्हणाला, "हप्ता माझ्या पगारातून. बाबांच्या ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही."

गाडी घरी आली त्या दिवशी तिच्यासमोर नारळ फुटला नाही. सर्वांनी उभे राहून त्रिशरण-पंचशील घेतले आणि आई पुढच्या सीटवर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा नेहमीप्रमाणे लोकल पकडायला स्टेशनवर हजर होता. आईने कॅलेंडरचे पान उलटले आणि मागच्या बाजूला पहिली नोंद केली: विहार ते घर, दोन किलोमीटर.

बंधू-भगिनींनो, गाडी जरूर घ्या, चांगली घ्या, जोरकसही घ्या. फक्त इंधन निवडण्याआधी दोन महिने किलोमीटर लिहा. उत्तर दलालाकडे नाही, ते तुमच्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे. जय भीम!